रेक पुन्हा तिथेच तुटला: एचओ मालगाडीचं दुखणं शोधताना

तक्रार अशी. गाडी मॉडेलची, एचओ मापाची, म्हणजे खरीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची. रेक, म्हणजे जोडलेल्या वाघिणींची माळ, अशी: चौदा बॉक्सएन (वरून उघड्या) वाघिणी, मागे गार्डाचा डबा, पुढे एक डब्ल्यूएजी-९, म्हणजे मालगाडीचं विजेचं इंजिन. गाडी कळव्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीच्या तीन भिंतींना लागून फिरते. खिडकीखालचं वळण आलं की इंजिन पुढच्या सहा वाघिणी घेऊन निवांत निघून जातं आणि बाकीच्या आठ, गार्डासकट, तिथेच उभ्या. कधी सहाऐवजी नऊ जातात. कधी आठवडाभर काहीच होत नाही, आणि पाहुणे आले की हमखास. भाचा रविवारी येतो, त्याची आरोळी मला स्वयंपाकघरात ऐकू येते, "मामा, तुटली परत!"

पहिल्यांदा झालं तेव्हा सातव्या वाघिणीचा कपलर, म्हणजे दोन वाघिणी जोडणारा हुक, बदलला. दोन दिवस बरं चाललं. मग आठवीचा बदलला. मग एकीची चाकं बदलली, आणि एक वाघीण तर वैतागून एका मित्राला देऊन टाकली. (त्याच्याकडे ती सुतासारखी चालते.) हे सविस्तर लिहितोय कारण गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी हाच प्रश्न विचारला आणि तिघांनीही माझ्यासारखेच आधी कपलरच बदलले होते.

माझ्या बाबतीत दोष एका वाघिणीत नव्हताच. ताफा सहा वर्षांत चार ठिकाणांहून जमलेला. काही थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या, काही किटमधून जोडलेल्या, दोन सेकंडहँड, चार घरी प्लॅस्टिक शीट कापून केलेल्या. प्रत्येकीची उंची वेगळी, वजन वेगळं, चाकं वेगळी. एकेकटी चालवली तर प्रत्येक वाघीण व्यवस्थित. एकत्र जोडल्या की भांडण.

आधी ठरवा: वाघीण, जागा की जोडी?

मास्किंग टेपचे छोटे तुकडे कापा, प्रत्येक वाघिणीच्या खाली नंबर चिकटवा. वहीत तीन रकाने आखा: कुठे तुटली, कोणत्या दोन नंबरांमध्ये, गाडी ओढत होती की उतारावर ढकलली जात होती. वीस फेऱ्या मारा आणि हात लावू नका. हे सगळ्यात अवघड. तुटली की लगेच उचलून चिमट्याने काहीतरी वाकवायचा मोह होतोच.

वीस फेऱ्यांनंतर वही बोलते. एकच नंबर वेगवेगळ्या ठिकाणी त्रास देत असेल तर दोष वाघिणीत. वेगवेगळे नंबर एकाच जागी सुटत असतील तर रूळ बघा. आणि सहा-सात शेजारी असतील तरच तुटतं, मध्ये तिसरी वाघीण घातली की थांबतं, असं असेल तर दोष जोडीत. माझी वही दाखवत होती की जागा एकच, पण जोड्या तीन: सहा-सात, नऊ-दहा, दोन-तीन. म्हणजे दोन रोग एकमेकांच्या अंगावर बसलेले. म्हणूनच एक बरा केला की दोन दिवस आराम पडायचा.

आपल्या मालगाडीचा एक फायदा इथे होतो. अमेरिकन मांडणीत एका गाडीत दहा जातींचे डबे सहज चालतात, तेच तिथे खरं दिसतं. आपल्याकडे मालगाडी म्हणजे बहुतेक वेळा एकाच जातीचा अख्खा रेक: सगळ्या बॉक्सएन, नाहीतर सगळ्या बंद छपराच्या बीसीएन, नाहीतर सगळ्या टाक्या. त्यामुळे वाघिणींची अदलाबदल करून बघायला काहीच अडचण येत नाही. तोटाही तोच. चौदा सारख्या वाघिणींमध्ये एक जरी मिलिमीटरभर वर बसली तरी कडेची रेघ तुटते आणि नजर नेमकी तिथेच जाते.

कपलरची उंची, म्हणजे मुख्य गुन्हेगार

जुन्या टीपॉयची काच घेतली, तिच्यावर रुळाचा फूटभर तुकडा चिकटवला आणि सगळ्या वाघिणी एकेक करून त्यावर उभ्या केल्या. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत मोजलं. चौदा वाघिणींमध्ये मला जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक सापडला. मागून टॉर्च मारली तर सहा आणि सातचे कपलर एकमेकांत अडकले आहेत म्हणण्यापेक्षा एकाची खालची कड दुसऱ्याच्या वरच्या कडेला जेमतेम धरून आहे, एवढंच दिसत होतं.

हा फरक कुणाच्या हलगर्जीपणामुळे आलेला नाही. भारतीय ब्रॉडगेज वाघिणीच्या कपलरचा मध्य रुळापासून जास्तीत जास्त ११०५ मिमीवर असतो. त्याला ८७ ने भागा: १२.७ मिमी. अमेरिकेत तीच उंची साडेचौतीस इंच, म्हणजे ८७६ मिमी, म्हणून केडी या अमेरिकन कंपनीचे आणि त्यांच्याशी जुळणारे एचओ कपलर सुमारे १० मिमीवर बसवायचे असतात. आता ज्याने प्रामाणिकपणे भारतीय नकाशावरून वाघीण काढली त्याने खाच १२.७ वर ठेवली, आणि ज्याने बाजारातली अमेरिकन बोगी (वाघिणीखालचा चार चाकांचा सांगाडा) आणि तिचं कपलिंग जसंच्या तसं लावलं त्याचं १० वर आलं. दोघंही बरोबर, पण जोडी जमत नाही.

इथे निर्णय घ्यावाच लागतो आणि तो सगळ्या ताफ्यासाठी एकच हवा. मी १० मिमी निवडलं. कारण साधं आहे: माझी इंजिनं त्या उंचीची, मित्रांचे डबे त्या उंचीचे, आणि तपासणीचं गेज, केडीचं २०५ नंबरचं, तयार मिळतं. १२.७ ठेवून इंजिनामागे एक दुभाषी वाघीण लावणारेही आहेत, जिच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला १२.७. दिसायला ते जास्त खरं आहे हे मान्य. पण गार्डाचा डबा, दुसरं इंजिन, शंटिंग, सगळीकडे तो दुभाषी शोधत बसायची माझी तयारी नाही.

मात्र कपलर खाली आणायचा म्हणून वाघीण खाली बसवू नका. ही चूक मी दोन वाघिणींवर केली. बोगीचा बोल्स्टर, म्हणजे वाघिणीचं अंग जिच्यावर टेकतं ती आडवी पट्टी, घासून अंग खाली आणलं, कपलर जुळले, आणि रेक दातपडक्या माणसासारखा दिसायला लागला. वाघिणीचं अंग आहे तिथेच राहू दे. फरशीखाली अडीच मिमीचा प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून त्यावर कपलरची पेटी बसवा, हेडस्टॉकमधली, म्हणजे वाघिणीच्या टोकाच्या आडव्या पट्टीतली, मूळ खाच बंद करून टाका. कपलर किंचित लोंबकळल्यासारखा दिसतो. पण रंग आणि धूळ चढल्यावर चार फुटांवरून कुणाच्या लक्षात येत नाही. फरक थोडाच असेल तर वर-खाली वाकलेल्या दांड्याचे कपलर मिळतात, नाहीतर बोगी आणि अंगाच्या मध्ये पाव मिमीची कागदी चकती. पाव मिमीपर्यंतचा फरक मी चालवून घेतो, त्यापुढे नाही.

पेटीत तेल सोडू नका. तेल धुळीला धरून ठेवतं आणि चार महिन्यांत कपलर आळशी होतो. ग्राफाइटची पूड, तीसुद्धा काडीच्या टोकावर मावेल एवढीच. आणि कपलरखाली लोंबणारी ती वाकडी तार, जी ब्रेकच्या पाइपसारखी दिसते, ती सांध्यांवरून जाताना रुळाला घासत नाही ना एवढं बघा. घासत असेल तर पक्कडीने जरा वर घ्या.

वजन

उंची जुळवली आणि तीन जोड्यांपैकी दोन सुटायच्या थांबल्या. तिसरी, दोन-तीन, मात्र सुटायची नाही, आडवी पडायला लागली. वळणावर आतल्या बाजूला.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. सगळ्यात हलकी वाघीण ४८ ग्रॅम, सगळ्यात जड १३१. हलकी होती तिसऱ्या नंबरावर, म्हणजे इंजिनाच्या जवळ, आणि तिच्यामागे अख्ख्या गाडीचा भार. वळणावर पुढून इंजिन ओढतं, मागून भार धरून ठेवतो, ताणलेली दोरी सरळ व्हायला बघते तसा रेक आत सरकायला बघतो, आणि मध्ये जी सगळ्यात हलकी ती उचलली जाते. उतारावर मागून ढकलली गेली तर हीच हलकी वाघीण उलट बाहेर फेकली जाते.

अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए संस्थेची शिफारस सोपी आहे: एचओमध्ये एक औंस, अधिक अंगाच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनचं अंग ९७८४ मिमी लांब, मॉडेलमध्ये साधारण ११२, म्हणजे सुमारे साडेचार इंच. हिशेब ९० ग्रॅमच्या आसपास येतो. लांब बीसीएनसाठी तोच १२० च्या जरा वर जातो. आकडा अगदी तोच हवा असं नाही. सगळ्या सारख्या हव्यात, हे महत्त्वाचं.

बॉक्सएनमध्ये अडचण अशी की ती उघडी. बंद बीसीएनमध्ये पोटात काहीही भरा, कोण बघतंय? रिकामी बॉक्सएन आतून दिसते. मी फरशीच्या वर दोन मिमी जाडीची लोखंडी पट्टी टाकतो, १०० बाय ३४ मिमी. तिचं वजन ५३ ग्रॅमच्या आसपास भरतं. तिच्यावर पातळ प्लॅस्टिकची खोटी फरशी, आणि त्यावर कोळशाची काळी धूळ. आत दोन मिमी उंची कमी झाली हे फक्त मला माहीत आहे, आता तुम्हालाही. उरलेले काही ग्रॅम अंडरफ्रेमच्या कप्प्यांत, आणि त्यासाठी मला चेंदणी कोळीवाड्यात जाळ्याला लावायचे शिशाचे मणी मिळाले. ते हातोडीने चपटे करायचे. शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, पोरांना तिथे फिरकू देऊ नका, आणि तो काटा परत स्वयंपाकघरात न्यायचा असेल तर वर प्लॅस्टिकची पिशवी घालून वजन करा. आमच्याकडे यावरून एक दिवस चहा मिळाला नव्हता.

भरलेला रेक करायचा असेल तर खऱ्या कोळशाचा चुरा छान दिसतो, पण खाली थर्माकोलचा तुकडा ठेवून त्यावर एकच थर द्या. पूर्ण भरला आणि गोंद एका बाजूला जास्त साचला तर वाघीण कायमची कलते.

लोखंडी पट्टीबद्दल आणखी एक. ऐरोलीच्या एका काकांची गाडी एकाच जागी सुटायची, पण फक्त सावकाश चालवली तर. उंची बरोबर, वजन बरोबर, रूळ सपाट. मी दोन तास डोकं लावलं. शेवटी लक्षात आलं की काकांनी कधीकाळी शंटिंगसाठी रुळांच्या मध्ये कायमचं चुंबक बसवलं होतं, मुख्य लाइनवरच, आणि त्यावर खडी पसरून विसरून गेले होते. असं चुंबक कपलरखालची ती वाकडी तार खेचून कपलर उघडतं. वेगात कपलर ताणलेले असतात, उघडत नाहीत. सावकाश जाताना क्षणभर ढील पडली की चुंबक आपलं काम चोख करायचं. वर लोखंडी वजनं आणि लोखंडी आस, त्यामुळे वाघिणी तिथे किंचित अडखळायच्या आणि ढील नेमकी तिथेच पडायची. "अहो, मीच लावलं होतं की ते!" म्हणून काका स्वतःच हसत सुटले. चुंबक ठेवायचं तर साइडिंगला ठेवा.

बोगी आणि चाकं

हे पटकन. दोन्ही बोगींचे स्क्रू सारखे आवळू नका. एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की ती फक्त फिरेल, दुसरीचा इतका ढिला की ती फिरेलही आणि डावी-उजवीकडे डोलेलही. तीन पायांचं स्टूल कुठेही नीट बसतं, हे तेच.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर रूळ बदलायच्या सांध्यावर (पॉइंटवर) चाक चढतं. माझ्याकडच्या सेकंडहँड दोन्ही वाघिणींत ते कमी होतं. प्लॅस्टिकची चाकं असतील तर काढून धातूची लावा. प्लॅस्टिकच्या चाकांवर मळाचा काळा थर चढतो आणि तो सगळ्या रुळांवर पसरतो.

दिसण्याच्या दृष्टीने मात्र इथे थांबायला हवं. बॉक्सएनचं चाक १००० मिमीचं, मॉडेलमध्ये साडेअकरा. अमेरिकन ३३ इंची चाक साडेनऊच्या जरा वर, आणि ते बॉक्सएनखाली खेळण्यातल्यासारखं दिसतं. युरोपियन ११ मिमीची चाकं जवळची. उलट कंटेनरच्या बीएलसी वाघिणींची चाकं ८४० मिमीची, त्यांना तेच अमेरिकन ३३ इंची चाक अगदी फिट. बॉक्सएनखालच्या कॅसनब बोगीच्या दोन आसांमधलं अंतर २००० मिमी, म्हणजे २३ मिमी. अमेरिकन बोगी इथे दोन-तीन मिमीने आखूड पडते. रुळांच्या रुंदीबद्दल वाद घालू नका. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, ती खरं तर १९.२ मिमी यायला हवी आणि एचओचा रूळ साडेसोळाच आहे. ते सोडून दिलंय.

खिडकीखालची जागा

आता जागेचा रोग. वीस फेऱ्यांची वही जुलैत भरलेली होती. मागच्या वर्षीची तक्रारही जुलैतलीच, हे व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज चाळताना कळलं. पावसाळा. खाडीचा वारा थेट त्या खिडकीतून येतो, खिडकी घट्ट लागत नाही, आणि खालच्या प्लायची कड पाणी पिऊन फुगते.

तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी रुळाच्या माथ्यावर उभी धरली आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावला. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड, मधे काळोख. म्हणजे रूळ मधे उचलला गेलेला, साधारण दीड मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण या टेकाडावर एक वाघीण वर जाते तेव्हा तिच्या मागची अजून खाली असते, आणि कपलर आधीच कडेवर अडकलेले असले की तेवढं पुरतं. सपाट जागी उंचीचा फरक लपून राहतो, टेकाडावर उघडा पडतो. म्हणून तीच जागा, पण जोड्या वेगवेगळ्या.

उपाय दोन दिवसांचा होता. तेवढ्या भागातले रूळ काढले, प्लायची कड उघडी केली, पंखा लावून वाळवली, घासली, आणि मग वर, खाली, कडेला, सगळीकडे वॉर्निश मारलं. फक्त वर मारून उपयोग नाही, पाणी कडेतून शिरतं. बिल्डिंगमधल्या सुताराने मरीन प्लाय घ्यायला सांगितलं होतं, ते मी सहा वर्षांपूर्वी पैसे वाचवायला ऐकलं नव्हतं.

मे महिन्यात याच्या उलट होतं. पत्र्याच्या छताची खोली असेल तर चार मीटरच्या निकेल सिल्व्हर रुळात पंधरा अंशांच्या फरकाने जवळजवळ एक मिलिमीटर वाढ होते. सगळे सांधे सोल्डर केलेले असले तर तो मिलिमीटर कुठेतरी बाजूला बाहेर येतो. दर मीटर-दीड मीटरला एक सांधा सोडून द्या आणि वीज पुढे न्यायला त्यावर तार ओढा.

मग ताफा खरा कसा दिसेल?

यावर लोक जास्त विचारतात, पण खरं तर वरचं काम झाल्यावर निम्मं काम झालेलंच असतं. खरा बॉक्सएन रेक ५८-५९ वाघिणींचा. कपलरसकट एक वाघीण १०७१३ मिमी, मॉडेलमध्ये १२३. अठ्ठावन्न वाघिणी म्हणजे सात मीटरच्या वर. कळवा, ठाणे, वाशीतल्या कोणत्या घरात सात मीटरची सरळ भिंत आहे? म्हणून आकड्याच्या मागे लागू नका. गाडीचं शेपूट वळणाआड असताना इंजिन पुढच्या वळणाआड जायला हवं, बस. आमच्याकडे त्याला चौदा पुरतात.

मला स्वतःला आता बीएलसी जास्त आवडायला लागल्या आहेत. वसई–दिवा–पनवेल लाइनवर न्हावाशेवाला जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनर गाड्या बघायला कोपरच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर अर्धा तास उभे राहा, कळेल. या वाघिणी पाच-पाचच्या संचात असतात: दोन टोकांना ए, मधे तीन बी. नेहमीचा कपलर फक्त संचाच्या दोन टोकांना, आत सगळीकडे पक्का दांडा. असे नऊ संच, पंचेचाळीस वाघिणी, म्हणजे पूर्ण रेक. मॉडेलमध्ये हा दांडा पितळेच्या पट्टीचा करा आणि दोन्ही टोकांना छोट्या स्क्रूने अडकवा. संच पाऊण मीटरच्या जरा वर भरतो, आणि त्यात तुटायला काही शिल्लकच राहत नाही. खऱ्याबरहुकूम करायला गेलात आणि दुखणंही गेलं, असं या छंदात फार क्वचित होतं. ४० फुटी कंटेनर १४० मिमी, २० फुटी ७०. ते सगळे एकाच कंपनीच्या रंगाचे लावू नका, आणि सगळे भरलेलेही दाखवू नका. दोन-तीन वाघिणी मोकळ्या ठेवा. पण मोकळ्या वाघिणींना कंटेनरचं वजन मिळत नाही, तेव्हा त्यांच्या चौकटीतच शिसं बसवा.

रंगाचं काम कराल तेव्हा एक सांभाळा. दुखणं परत येण्याचं सगळ्यात सामान्य कारण तेच. वाघीण चालवून तपासली, मग हौसेने स्प्रे मारला, मॅट वार्निश मारलं, गंजाची पूड लावली, आणि कपलरच्या पेटीत आणि आसाच्या टोकाला सगळा लेप. स्प्रेआधी चाकं काढून ठेवा, कपलरला टेप गुंडाळा, आणि रंगानंतर पुन्हा त्याच काचेवर आणि काट्यावर न्या. वाघिणीवर खऱ्यासारखा अकरा आकडी नंबर घालताना पाचवा-सहावा आकडा बांधणीच्या वर्षाचा असतो हे लक्षात ठेवून मळ त्याप्रमाणे कमी-जास्त करा. ०८ ची वाघीण आणि २१ ची वाघीण सारख्या गंजलेल्या नसतात.

सध्याची स्थिती: वॉर्निशनंतर दोन पावसाळे झाले, वहीत खिडकीखालच्या जागेची नोंद नाही. अकरा नंबरची वाघीण मात्र अजून हट्टी आहे. बोल्स्टर घासलेल्या दोघींपैकी ती एक. भर घालून उंची परत आणली, पण बोगी सरळ बसत नाही. यार्डाच्या कोपऱ्यात तिला सिक लाइनला, म्हणजे नादुरुस्त वाघिणींच्या रुळावर, लावलंय, अंगावर खडूने फुली मारून. भाच्याने शेजारी पिवळ्या टोपीचे दोन गँगमन उभे केलेत. नवीन बोल्स्टर प्रिंट होऊन येईपर्यंत रेक तेरा वाघिणींचा.